जुना ट्रॉम्बोन घ्यायचाय? आधी स्लाइड बघा

प्रश्न थोडक्यात असा: वसईत एका घरी पंचवीस-तीस वर्षं पेटीत पडून असलेला टेनर ट्रॉम्बोन (नळी पुढेमागे सरकवून स्वर बदलायचं पितळी फुंकवाद्य) विकायला आहे. बेलवर, म्हणजे पुढच्या कर्ण्यासारख्या भागावर, ‘बूझी अँड हॉक्स, लंडन’ असं कोरलंय. स्लाइड, म्हणजे सरकणारी नळी, पाचव्या पोझिशनच्या (सात ठरलेल्या जागांपैकी पाचव्या) पुढे अडते, ट्यूनिंग स्लाइड (वाद्याचा स्वर जुळवायचं मागचं वळण) जागची हलत नाही, बेलला दोन पोचे आहेत आणि मागच्या वळणावर गुलाबी ठिपके दिसतात. विकणारे म्हणतात, “नुसतं पॉलिश मारलं की नवा.” वाद्य हवंय तेरा वर्षांच्या मुलीला, चर्चच्या बँडमध्ये नुकती शिकायला लागली आहे तिला.

पॉलिशचं बोलणं बाजूला ठेवा. पितळ चकचकीत आहे की काळवंडलेलं, याचा वाजण्याशी जवळपास काही संबंध नसतो. लॅकर (पितळेवरचं पारदर्शक रोगण) उडालेली कितीतरी वाद्यं सुरेख वाजतात. उलट विकण्याआधी बफिंग मारलेलं वाद्य दिसलं तर जास्त सावध व्हायचं. बफिंगमध्ये पत्रा झिजतो, कोरीवकाम पुसट होतं, जोडांवरच्या कड्यांच्या कडा गोल होतात. काळपट वाद्याने निदान काही लपवलेलं नसतं.

ट्रॉम्बोनची खरी किंमत त्याच्या स्लाइडमध्ये असते. बेलचे पोचे निघतात, पाणी काढायच्या कळीचं बूच बदलता येतं, अडकलेली ट्यूनिंग स्लाइड सुटते. स्लाइडच्या आतल्या नळ्यांचा मुलामा गेला असेल तर मात्र दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीवर जातो. म्हणून तपासणीला अर्धा तास मिळाला तर त्यातली वीस मिनिटं स्लाइडवर घालवा.

स्लाइडची रचना आधी समजून घ्या. आतल्या दोन नळ्या जर्मन सिल्व्हरच्या असतात आणि त्यांच्यावर क्रोमचा मुलामा असतो. फार जुन्या वाद्यांत क्रोमऐवजी निकेल दिसतं. या नळ्यांच्या खालच्या टोकाला दहा-बारा सेंटीमीटरचा भाग किंचित जाड असतो, त्याला स्टॉकिंग म्हणतात. बाहेरच्या नळीला आतून टेकतो तो एवढाच भाग, बाकीची नळी मोकळी असते. स्टॉकिंग आणि बाहेरची नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची. तिथे धूळ, सुकलेली लाळ किंवा छोटासा पोचा आला की हाताला लगेच कळतं.

बाहेरची स्लाइड पूर्ण काढून बाजूला ठेवा आणि आतल्या नळ्या स्वच्छ सुती कापडाने कोरड्या पुसा. खिडकीजवळ नेऊन स्टॉकिंगवरून नखाची कड फिरवा. चांगला क्रोम काचेसारखा लागतो. नख कुठे अडखळलं, खरखर लागली किंवा चकाकीत मंद पिवळट चट्टा दिसला, तर तिथला मुलामा गेलाय. एखादा नखाएवढा चट्टा चालतो, नीट वंगण घालून असं वाद्य अनेक वर्षं वाजतं. पण चट्टे नळीच्या चारही बाजूंनी पसरले असतील किंवा टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील, तर वाद्य कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. पुन्हा क्रोम चढवायचं म्हणजे जुना थर उतरवायचा, नवा चढवायचा आणि मग नळी मापात घासायची. गाडीच्या बंपरला क्रोम करणाऱ्याकडे हे होत नाही, कारण थर जरा जाड बसला की स्लाइड आत जातच नाही. व्यवहारात आतल्या नळ्याच नव्या घालाव्या लागतात आणि त्या प्रत्येक मॉडेलला मिळतात असं नाही.

आता बाहेरच्या नळ्या. यासाठी घरातली ट्यूबलाइट उत्तम. नळी डोळ्यासमोर लांबट धरा, ट्यूबचं प्रतिबिंब नळीच्या लांबीवर सरळ पांढऱ्या रेघेसारखं पडेल असं. मग नळी हळूहळू गोल फिरवा. रेघ जिथे दबेल किंवा वळेल तिथे पोचा आहे, बोटाला लागणार नाही इतका बारीकही असा दिसतो. पूर्ण रेघच धनुष्यासारखी वाकली तर नळी वाकलेली आहे. पोचे बहुतेक पेटीतच पडतात. म्यूट (आवाज दबका करायला बेलमध्ये बसवतात तो), तेलाची बाटली, माउथपीस असं काहीतरी पेटीत सुटं ठेवलेलं असतं आणि प्रवासात ते नळ्यांवर आपटत राहतं. म्हणून पेटीही उघडून बघा. आतले कप्पे तुटलेत का, स्लाइड जागेवर घट्ट बसते का, की हलवल्यावर खडखडते?

तुमच्या वाद्याची स्लाइड पाचव्या पोझिशनपुढे अडते, ही माहिती फार उपयोगाची आहे. पहिल्या पोझिशनपासून दुसरी सुमारे ८ सेंटीमीटरवर, तिसरी १७, चौथी २६, पाचवी ३६, सहावी ४६ आणि सातवी ५७ सेंटीमीटरवर येते. पहिल्या पोझिशनला स्टॉकिंग बाहेरच्या नळीच्या तळाशी, म्हणजे यू-वळणाजवळ असतं. स्लाइड पाचवीपर्यंत नेली की ते वळणापासून साधारण ३५ ते ५० सेंटीमीटरच्या पट्ट्यात येतं. त्या पट्ट्यात ट्यूबलाइटची रेघ तपासा. दोष बहुतेक तिथेच सापडेल.

पोचा सापडला नाही तर एकेक पाय, म्हणजे स्लाइडच्या दोन नळ्यांपैकी एकेक, वेगळा तपासायचा. बाहेरची स्लाइड आडवी वळवून तिचा एकच पाय त्याच्या आतल्या नळीवर चढवा, दुसरा बाजूला हवेत राहू द्या. हळू वरखाली करा. मग दुसऱ्या पायाचं तसंच. दोन्ही पाय एकेकटे सरळ जातात आणि एकत्र घातल्यावर मात्र अडतात, असं झालं तर नळ्या समांतर राहिलेल्या नाहीत. वाद्य कधीतरी पडलंय किंवा आडव्या पट्टीचा डाग (सोल्डरचा सांधा) ताणात बसलाय. जाणकार कारागीर डाग सोडवून नळ्या समांतर करतो आणि पुन्हा डाग देतो. हे काम बिघाडाच्या मानाने सोपं. व्हर्नियर असेल तर आतल्या दोन नळ्यांमधलं अंतर वर पट्टीजवळ आणि खाली टोकाशी मोजा, आकडा सारखाच यायला हवा. नळ्यांना पीळ पडलाय का ते बघायला जाड काच वापरा. वरचा, पट्टीजवळचा फुगीर भाग काचेच्या कडेबाहेर ठेवून नळ्या काचेवर टेकवा, डुगडुगल्या तर पीळ आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हे करू नका, ग्रॅनाइट वाटतं तितकं सपाट नसतं.

एकटा पायही अडत असेल आणि नळी सरळ, पोचा नाही, मुलामा शाबूत असेल, तर बहुधा आत नुसता मळ आहे. तीस वर्षं पडून असलेल्या वाद्यात हे फार वेळा घडतं. जुनं स्लाइड क्रीम सुकून मेणासारखं होतं. कोणी खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घातलं असेल तर त्याचा चिकट थर बसतो. हा दोष धुतला की जातो.

यानंतर गळती. स्लाइड जोडून बंद करा. वरच्या आडव्या पट्टीला धरून उभी ठेवा, यू-वळण खाली. माउथपीस जातं ते भोक आणि बेल जोडायचं टोक, दोन्ही अंगठ्यांनी घट्ट दाबा. खाली कोणाला तरी हात धरायला सांगा आणि बाहेरची स्लाइड सोडा. चांगली स्लाइड तिथेच लटकते किंवा अगदी संथ उतरते. अंगठे काढताच सरकन खाली येते. दोन्ही वेळा ती सारखीच घसरली तर हवा कुठूनतरी आत येतेय. पुन्हा एकदा करा, या वेळी पाणी काढायच्या कळीचं बूच बोटाने दाबून. फरक पडला तर दोष बुचाचा, तो अगदी थोडक्यात सुटतो. नाही पडला तर नळी झिजलेली आहे किंवा वळणाला भेग आहे.

गुलाबी ठिपके मात्र हलक्यात घेऊ नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, पिवळ्या पितळेत साधारण सत्तर-तीस. लाळेतला ओलावा आणि आम्ल नळीच्या आतून जस्त काढून घेतात आणि मागे उरतं सच्छिद्र, ठिसूळ तांबं. याला रेड रॉट म्हणतात, उसाच्या लाल कुजेचंच नाव. तो आतून बाहेर येतो. म्हणजे बाहेर ठिपका दिसतो तेव्हा त्या जागी पत्रा जवळजवळ आरपार खाल्लेला असतो. तो ओळखायचा कसा? भिंगातून बघा. रेड रॉटच्या गुलाबी ठिपक्याच्या मधोमध बहुतेकदा काळसर बिंदू असतो आणि कापडाने घासून ठिपका जात नाही. चिंच-लिंबाने घासल्यामुळे किंवा घामाने आलेला गुलाबीपणा पसरट असतो, मध्ये बिंदू नसतो आणि घासला की फिका होतो. मूळचीच लालसर पितळेची बेलही असते, ती सगळीकडे एकसारख्या रंगाची दिसते.

ठिपके कुठे आहेत त्यावर निर्णय ठरतो. मागच्या वळणावर, म्हणजे ट्यूनिंग स्लाइडवरच असतील तर तो सुटा भाग आहे, बदलता येतो किंवा वरून पत्रा लावून काही वर्षं चालवता येतो. माउथपीसखालच्या लीडपाइपमध्ये (माउथपीस बसतं त्या पहिल्या नळीत) असतील तरी मार्ग आहे. बाहेरच्या स्लाइडच्या नळ्यांवर किंवा बेलच्या निमुळत्या भागात असतील तर वाद्य सोडून द्या. कोकणपट्टीच्या दमट हवेत आत न पुसता ठेवलेल्या वाद्यांत हे जास्त दिसतं. नुसत्या हिरव्या जंगाने घाबरू नका, तो पुसून निघतो.

बेलच्या पोच्यांचं एका वाक्यात: पसरट भागातल्या पोच्याने स्वर बिघडत नाही, मानेजवळच्या अरुंद भागातल्या पोच्याने बिघडू शकतो, आणि घडी पडून तिथे भेग गेली असेल तरच चिंता करायची.

अडकलेल्या ट्यूनिंग स्लाइडला तिथेच कोणी पक्कड लावत असेल तर थांबवा. पिळल्याने किंवा ठोकल्याने आडवी पट्टी उखडते आणि नळी चेपते. जोडात गंज सोडवणारं तेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, मग कारागिराने हलकी ऊब देऊन दोन्ही बाजूंनी सारखा ताण द्यायचा. माउथपीस अडकलं असेल तरी तेच. त्यासाठी खास पुलर मिळतो, पकडीने पिळलं तर आतला लीडपाइप मुरगळतो.

आता या वाद्याचा सर्वांत नाजूक प्रश्न, त्याचा मूळ स्वर. बूझी अँड कंपनी आणि हॉक्स अँड सन १९३० साली एकत्र आल्या, म्हणजे तुमचं वाद्य १९३० नंतरचं. ब्रिटनमध्ये लष्करी बँडांनी आधीच खालचा स्वर स्वीकारला होता, पण ब्रास बँड १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत उंच स्वरावर वाजवत राहिले. तिथे जुळवणीचा ए हा स्वर म्हणजे साधारण ४५२ हर्ट्झ, आजच्यासारखा ४४० नव्हे. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या बँडांचंही तसंच. बेलवर ‘सेंट आल्बन्स’ दिसलं तर ते त्यांच्या स्वतःच्या कारखान्याचं वाद्य. भारतात आलेली कितीतरी जुनी ब्रिटिश वाद्यं उंच स्वराची आहेत आणि ती विकताना हे कोणी सांगत नाही, बहुधा विकणाऱ्यालाच माहीत नसतं.

४५२ आणि ४४० यांत जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा फरक आहे, ट्यूनरवर (स्वर मोजायच्या साधनावर) ४५ ते ५० सेंट, सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग. तेवढं खाली आणायला नळीची एकूण लांबी पावणेआठ सेंटीमीटरच्या आसपास वाढवावी लागते, म्हणजे ट्यूनिंग स्लाइड जवळपास चार सेंटीमीटर बाहेर. ती तेवढी निघाली तरी थंड-उष्ण हवेप्रमाणे जुळवायला पुढे जागा उरत नाही, आणि सातवी पोझिशन आणखी लांब जाते. तेरा वर्षांच्या हाताला सातवी मुळातच कठीण. शिकणाऱ्या मुलीसाठी उंच स्वराचं वाद्य घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा कान तयार होण्याचं हेच वय आहे, आणि बाकी बँडशी तिचा स्वर कधीच जुळणार नाही.

तपासायचं असं. पाच-सात वर्षं वाजवणारा कोणी सोबत न्या, नवशिक्याच्या ओठांनी स्वर वरखाली होतो. पहिल्या पोझिशनला मधला बी-फ्लॅट लांब धरायला सांगा, मोबाइलवर ट्यूनर ए ४४० ला ठेवून. तो स्वर २३३ हर्ट्झच्या आसपास हवा. ट्यूनिंग स्लाइड पूर्ण आत असताना वीस-तीस सेंट उंच येणं साधारण वाद्यालाही चालतं, ती थोडी ओढूनच वाजवायची असते. पण काटा बी-फ्लॅट आणि बी यांच्या मधोमध डगमगत राहिला, २४० च्या जवळ दाखवू लागला, तर वाद्य उंच स्वराचं आहे. काही वाद्यांना नंतर लांब ट्यूनिंग स्लाइड बसवलेली असते. तिच्या पायांवर जादा जोड-कडी दिसते. ती नीट बसवलेली असेल तर हरकत नाही, फक्त सगळे स्वर वाजवून खात्री करा.

ब्रिटिश वाद्यांत आणखी एक गल्लत होते. स्लाइडच्या आडव्या पट्टीला हलणारी लांब मूठ असेल तर तो जी बास ट्रॉम्बोन आहे. लांबच्या पोझिशनपर्यंत हात पोचत नाही म्हणून ती मूठ दिलेली असते. जुन्या बँडांत त्याला मान होता, पण त्याच्या पोझिशनचे स्वर वेगळे असल्याने टेनरची पुस्तकं त्यावर शिकता येत नाहीत. तीन पिस्टनचा व्हॉल्व्ह ट्रॉम्बोनही बाजारात दिसतो. तो ट्रम्पेट-युफोनियमवाल्यांच्या सोयीचा, स्लाइड शिकायची असेल तर उपयोगाचा नाही.

माउथपीसचं माप सोबतच बघा. टेनरमध्ये बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, साधारण १२.२ पासून १३.९ मिलिमीटरपर्यंत असतं. शिकणाऱ्यांच्या वाद्यांत १२.७ च्या आसपास, ऑर्केस्ट्राच्या मोठ्या वाद्यांत १३.९. लहान बोअरला बारीक शँकचं (वाद्यात शिरणाऱ्या दांडीचं) माउथपीस लागतं, मोठ्याला जाड शँकचं. माउथपीस घातल्यावर साधारण एक इंच आत जाऊन न डुगडुगता बसलं पाहिजे. जुन्या ब्रिटिश वाद्यांचा शँक कधीकधी आजच्या दोन्ही मापांपेक्षा वेगळा असतो, म्हणून वाद्याबरोबरचं मूळ माउथपीस फेकू नका. फक्त त्यावरची चांदी झिजून पितळ दिसत असेल तर मुलीला त्यावर वाजवू देऊ नका, ओठांना पुरळ येतो.

तुलनेसाठी पर्यायही लक्षात ठेवा. जुन्यांत शिकणाऱ्याला सुरक्षित म्हणजे यामाहाचं ३५४ किंवा त्याआधीचं १५४, किंगचं ६०६, बाखचं टीआर ३००. यांची स्लाइड साधी पण टिकाऊ असते आणि भाग मिळतात. ओल्ड्स अँबॅसेडर सुंदर वाद्य, पण ती कंपनी १९७९ मध्ये बंद झाली, म्हणून त्याची स्लाइड शाबूत असेल तरच घ्या. एफ-अटॅचमेंट (अंगठ्याने जोडायची जादा नळी) असलेलं वाद्य डाव्या हाताला जड पडतं, तेराव्या वर्षी त्याची घाई नको. पुढे कधी घेतलंत तर रोटर (ती जादा नळी जोडणारा फिरता व्हॉल्व्ह) हाताने हलवून खटखटतो का ते बघा. चोर बाजारात किंवा बँडवाल्यांकडे मिळणाऱ्या वाद्यांत बेल एका कंपनीची आणि स्लाइड दुसऱ्याची असंही असतं. जोडाजवळ डोळा लावून बघा, निमुळता जोड पूर्ण बसून चाकी घट्ट आवळली गेली पाहिजे.

पैशाचा हिशेब माझ्या मते असा. वाद्याची किंमत, दुरुस्ती, माउथपीस आणि पेटी मिळून नव्या विद्यार्थी ट्रॉम्बोनच्या निम्म्यापुढे जाऊ लागलं तर जुनं घेण्यात अर्थ नाही. दुरुस्तीचा आकडा विकणाऱ्याकडून नाही, तर वाद्य हातात घेतलेल्या कारागिराकडून घ्या.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. पहिल्यांदा स्टॉकिंग, मग ट्यूनरवर बी-फ्लॅट. या दोन्हींपैकी एक जरी नापास झालं तर नम्रपणे आभार मानून परत या. दोन्ही पास झाली आणि गुलाबी ठिपके फक्त ट्यूनिंग स्लाइडवर असतील, तर पाचव्या पोझिशनचा अडथळा, बेलचे पोचे आणि अडकलेली स्लाइड ही तिन्ही कामं होण्यासारखी आहेत, आणि ती धरूनच भाव पाडा. विकणाऱ्यांनी चार दिवसांसाठी वाद्य नेऊ दिलं तर उत्तम. ते घाईने पॉलिशला देणार असतील तर नको म्हणून सांगा.

घेतलंत तर पहिल्या दिवशी धुवा. कोमट पाणी, हाताला सुखद लागेल इतकंच, गरम पाण्याने लॅकर सुटतं. त्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब. आतून लांब लवचीक ब्रश फिरवा. बाहेरच्या नळ्यांसाठी सळीला कापड पूर्ण गुंडाळा, टोकावरूनसुद्धा, नाहीतर सळीचं लोखंड वळणाला आतून पोचा पाडतं. कापड सळीला घट्ट हवं, आत सुटलं तर काढणं अवघड होतं. दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवून सुकवा. मग फक्त स्टॉकिंगवर मटारच्या दाण्याएवढं स्लाइड क्रीम, वरून पाण्याचा फवारा. ट्यूनिंग स्लाइडला ग्रीस. पहिल्या धुण्याचं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. त्यात हिरवट गाळ आला तर ठीक आहे, क्रोमच्या चकचकीत पापड्या आल्या तर मात्र वाद्य चार दिवसांतच परत करा.